‘लॉस्ट’चा मी सांगितलेला अर्थ

शाळेत मी तीसहून अधिक वर्षं इंग्रजी शिकवलं, पण त्याविषयी सांगण्यासारखं माझ्याजवळ फारसं नाही. पन्नास मुलं, एक पुस्तक, एक छडी. सांगण्यासारखं घडलं ते शाळा सुटल्यावर, वाचनालयाच्या मागच्या पडवीत. तिथे मी मथळ्यांचा वर्ग चालवत असे.

हा काय प्रकार होता ते आधी सांगतो. मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र गाडीने नाशिक रोडला उतरायचं आणि तिथून टांग्याने गावात यायचं. दुपारभर वकील आणि पेन्शनर मंडळी ते आळीपाळीने वाचत. पाचच्या सुमाराला ते मोकळं झालं की आमच्या ताब्यात. पडवीत सतरंजी अंथरलेली असे. मी एक मथळा मोठ्याने वाचायचा, फळ्यावर लिहायचा आणि त्यातला एकेक शब्द सुटा करायचा. आधी प्रत्येकाने अंदाज बांधायचा, मग मी अर्थ सांगायचा, मग तो शब्द चिठ्ठीवर उतरवून घरी न्यायचा. दिवसाला पाच शब्द. येणारे सगळे बाप्ये, आपापल्या धंद्यातले. त्यांना ‘माझी आई मला हाक मारते’ छापाची वाक्यं घोकायला लावणं मला बरं वाटेना. जगात आज काय चाललंय ते कळता कळता भाषा यावी, असा माझा विचार होता. विचार वाईट नव्हता, अजूनही तसंच वाटतं.

मथळ्यातली इंग्रजी निराळीच असते. जागा थोडी, टाइप मोठा, म्हणून शब्द आखूड लागतात. ‘इज’, ‘आर’ आणि ‘द’ यांना तिथे मज्जाव. आणि घडून गेलेली गोष्ट तिथे नेहमी आत्ता घडत असते. काल वारलेला माणूस मथळ्यात आज मरतो. हे मी पहिल्याच दिवशी समजावून सांगे, तरी माझे विद्यार्थी मथळ्यासारखेच बोलू लागत. रामकुंडावरचे बाळंभट मद्रासकडच्या यात्रेकरूंशी बोलता यावं म्हणून यायचे. एका श्रावणात गोदेचं पाणी चढताना त्यांनी “रिव्हर रायझिंग! पिल्ग्रिम्स वॉर्न्ड!” असं ओरडून एक अख्खं कुटुंब पायऱ्यांवरून मागे घेतलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “मास्तर, ‘इज’ राहिला खरा, पण माणसं राहिली.” लासलगावचे एक अडते आठवड्यातून एकदा येत. त्यांना फक्त बाजारभावाचं पान हवं असे. ‘कॉटन क्वाएट’ असा मथळा पाहून त्यांनी विचारलं होतं, “कापूस गप्प? मग बोलतो कधी?” भाव हलला नाही म्हणजे इंग्रजीत बाजार गप्प बसतो, हे त्यांना इतकं आवडलं की पुढे कित्येक दिवस ते घरच्या मंडळींविषयीही तसंच सांगत.

या लोकांत मी रमलो होतो. आपण सांगू तो अर्थ ही माणसं खिशात घालून घरी नेतात, याचा मला अभिमान होता. पुढे जे सांगणार आहे ते त्या अभिमानाबद्दलच आहे.

इब्राहिमभाई हे वाचनालयाचे बुकबाइंडर. दर तीन महिन्यांचे अंक ते जुन्या नाशकातल्या आपल्या घरी नेत, पानांचे जुडगे दोऱ्याने शिवत, पुठ्ठा आणि कापड चढवत आणि जाडजूड फाईल करून परत आणून देत. बायको वारलेली. घरात मुलगा युसूफ आणि त्याची बायको जैनब. युसूफ देवळालीच्या छावणीत शिंपीकाम करी. लग्नाला वर्ष झालं नाही तोच त्याची पलटण क्वेट्ट्याला हलली आणि साहेब लोकांच्या आग्रहावरून तोही तिच्याबरोबर गेला. त्यानंतर काही दिवसांनी इब्राहिमभाई सतरंजीच्या कडेला येऊन बसले.

“वीस वर्षं हे कागद शिवतोय, मास्तर,” ते म्हणाले. “आत काय लिहिलंय ते मरायच्या आधी कळू द्या.”

पन्नाशी उलटलेला माणूस, पण माझ्या सगळ्या शिष्यांत हुशार. खळ लागून कडक झालेल्या बोटांनी ते चिठ्ठीवर एकेक अक्षर कोरून काढत. घरी गेल्यावर ती चिठ्ठी सुनेला दाखवत. पानं शिवायचं काम आता तीच करायची, त्यामुळे तिच्या हाताखालून रोज इंग्रजी पानं जात होतीच. “माझ्याआधी तिचं पाठ होतं,” असं ते कौतुकाने सांगत.

‘लॉस्ट’ हा शब्द त्यांना एका छोट्या जाहिरातीत भेटला. देवळालीच्या कोण्या साहेबाचा तपकिरी कुत्रा हरवला होता. लॉस्ट म्हणजे हरवलेला, असं मी सांगितलं. दहा-बारा दिवसांनी त्याच साहेबाने कुत्रा सापडल्याचं छापून आभार मानले. इब्राहिमभाईंना त्या कुत्र्याचा फार आनंद झाला. “लॉस्ट, मग फाउंड,” ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

पस्तीस सालच्या उन्हाळ्यात क्वेट्ट्याला भूकंप झाला.

पहिल्या दिवशीचा मथळा मी वाचून दाखवण्याआधीच गावभर बातमी झाली होती. इब्राहिमभाई पाचच्याही आधी येऊन पडवीत उभे होते. त्यांनी स्वतःच वर्तमानपत्र पुढे ओढलं आणि बोट ठेवून वाचलं. शहर पार कोसळलं होतं, मात्र त्याखाली एक ओळ होती, ‘कॅन्टोन्मेंट एस्केप्स’. त्यांनी वर पाहिलं. “एस्केप म्हणजे सुटणं. छावणी सुटली ना, मास्तर?”

“सुटली,” मी म्हटलं. ते खरं होतं. छावणीच्या बाजूला पडझड पुष्कळ कमी होती.

सतरंजीवरच्या सगळ्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवले. बाळंभटांनी रामाचं नाव घेतलं. इब्राहिमभाई घाईने घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आले ते वेगळेच होऊन. त्यांच्या हातात युसूफचं शेवटचं पोस्टकार्ड होतं. ते सुनेच्या नावाने होतं, म्हणून त्यांनी कधी वाचलं नव्हतं. आता तिने वाचून दाखवलं होतं. जैनबला घेऊन जाता यावं म्हणून युसूफने छावणीतली जागा सोडली होती आणि शहरात, बाजारपेठेत, एक खोली घेतली होती.

पुढचे चार-पाच दिवस आमचा वर्ग म्हणजे त्या एका माणसाचा वर्ग झाला. मथळे रोज नवे शब्द आणत होते. ‘टोल’ आला. त्यांना टोल म्हणजे नाक्यावरची पट्टी ठाऊक. ‘डेथ टोल’ वाचून ते गोंधळले. ‘सील्ड’ आला, म्हणजे शहराला लष्कराने वेढा घातला होता आणि बाहेरच्या कोणाला आत सोडत नव्हते. मी अर्थ सांगत होतो, ते चिठ्ठीवर लिहीत होते. आणि मग एका संध्याकाळी बाजारपेठेविषयीचा मथळा आला. त्या पेठेचं नाव पोस्टकार्डावर होतं तेच होतं. खाली शब्द होते: ‘ऑल फीअर्ड लॉस्ट’.

त्यांनी स्वतः वाचलं. फीअर म्हणजे भीती, हे त्यांना येत होतं. मग त्यांचं बोट शेवटच्या शब्दावर थांबलं.

“लॉस्ट,” ते म्हणाले. “हरवले. सगळे हरवलेत, अशी भीती आहे. बरोबर?”

बाळंभटांना अर्थ कळला असावा, कारण त्यांनी मान खाली घातली. माझा सगळा धंदा या एका क्षणासाठी होता, असं आज वाटतं. अंदाज विद्यार्थ्याने करायचा आणि तो चुकला तर मी दुरुस्त करायचा. अशा मथळ्यात ‘लॉस्ट’चा अर्थ हरवलेला होत नाही, ‘मेला’ होतो, एवढंच मला सांगायचं होतं. दोन अक्षरी शब्द.

“बरोबर,” मी म्हटलं.

“म्हणजे सापडू शकतो.”

“सापडू शकतो.”

त्यांनी चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवली आणि मला सलाम करून गेले. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की आज नको, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, घरच्यांना हळूहळू कळेलच. दया दाखवली असं मला वाटत होतं. खरं तर त्यांचा चेहरा बघायचं धैर्य मला नव्हतं.

इब्राहिमभाई मुलाला शोधायला निघाले. क्वेट्ट्यात प्रवेश नव्हता, पण वाचलेल्या लोकांना गाड्यांत भरून कराचीला आणत होते. ते कराचीला गेले. इस्पितळं, छावण्या, मशिदी, सगळीकडे फिरले. महिन्याने परत आले तेव्हा गालफडं बसली होती. त्यांनी टोपीतून कागदाचा एक तुकडा काढला. तिथल्या एका कारकुनाने युसूफच्या नावापुढे एक शब्द लिहून दिला होता.

“‘प्रिझ्यूम्ड’ म्हणजे काय, मास्तर?”

“गृहीत धरलेला.” मी पुढे ‘मृत’ म्हणालो नाही. तुकड्यावरही तो शब्द नव्हता.

“म्हणजे डोळ्यांनी कोणी पाहिलं नाही.”

“नाही.”

“मग झालं तर,” ते म्हणाले आणि सतरंजीवर आपल्या जागी बसले.

वर्ग पुढे चालू राहिला. इब्राहिमभाई येत राहिले. त्यांची इंग्रजी चांगली झाली, इतकी की मथळ्याखालची बातमीही ते लावू लागले. पण तो एक शब्द त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही आणि मीही कधी काढला नाही. तो शब्द कोणत्याही मथळ्यात दिसला की मी दुसरा मथळा घेत असे.

दोन वर्षांनी जैनबचा थोरला भाऊ मालेगावहून आला. तिथे त्यांचे हातमाग होते. बहीण तेव्हा एकवीस-बावीसची असेल. तिला माहेरी न्यायचं आणि पुढे निकाह लावून द्यायचा, असं त्याच्या मनात होतं. पण नवरा मेल्याची खबर नाही तोवर ती त्याचीच बायको, असं काझींनी सांगितलं होतं. आणि मेल्याचं मान्य करायला सासरे तयार नव्हते.

“चाचा म्हणतात, मास्तरनं सांगितलंय, हरवलाय,” तो मला म्हणाला. “पेपरात तसंच छापलंय म्हणतात. तुम्हीच समजवा त्यांना. तुमचं ऐकतील.”

तरी मी काय म्हणालो? “हा तुमच्या घरातला प्रश्न आहे, मी परका माणूस काय बोलू.” तो निघून गेला. पहिल्यांदा मी खोटं बोललो तेव्हा निदान समोर रडवेला बाप होता. या वेळी माझ्याकडे तीही सबब नव्हती.

आणखी दोन वर्षं गेली. एकोणचाळीसच्या पावसाळ्यात एका दुपारी मी वाचनालयात एकटाच बसलो होतो. बुरखा घेतलेली एक बाई दाराशी येऊन थांबली. आत यावं की नाही हे तिला ठरवता येईना. मी उठून विचारलं, कोण हवंय.

“मी इब्राहिमभाईंची सून. जैनब.” तिने तोंडावरचं कापड मागे घेतलं. हातात वर्तमानपत्राचं पान होतं, शिवायला नेलेल्या गठ्ठ्यातलं, काही महिन्यांपूर्वीचं. मुसलमान स्त्रियांसाठी झालेल्या नव्या कायद्याची बातमी होती. कोणत्या कारणांनी बायकोला कोर्टातून निकाह मोडून मिळेल, ते खाली दिलं होतं.

“एवढं मला लागतंय,” तिने बोट ठेवलं. “चार वर्षं, हे कळलं. हा एक शब्द अडलाय.”

“व्हेअरअबाउट्स,” मी वाचलं. “म्हणजे ठावठिकाणा. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल, तर बायको कोर्टात मागणी करू शकते.”

तिने तो अर्थ तोंडातल्या तोंडात म्हटला. मग माझ्याकडे सरळ पाहून विचारलं, “मास्तरसाहेब, तुम्ही अब्बांना ‘लॉस्ट’चा अर्थ सांगितला होता. तो खरा होता का?”

“तुला कधी कळलं?”

“मी रोज मथळे शिवते. जहाज बुडलं की लॉस्ट. खाणीत माणसं गाडली की लॉस्ट. त्यातलं कोणी सापडल्याचं पुढच्या पानांत येत नाही.” तिचा आवाज चढला नाही. “पण मी बोलले तर सुनेला सुटायची घाई झाली, असं होईल. म्हणून गप्प राहिले. अर्थ तुम्हीच सांगितला होता. तुम्हीच बदलला पाहिजे.”

“खोटा होता,” मी म्हटलं. चार वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला आणि निघाल्यावर मला हलकं वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी मी वर्ग बंद ठेवला आणि त्यांच्या घरी गेलो. इब्राहिमभाई ओट्यावर पुठ्ठे कापत होते. मला बघून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. तो मथळा, तो अर्थ, कराचीच्या तुकड्यावरचा अर्धा सांगितलेला शब्द आणि जैनबच्या भावाला परत पाठवलं तेही. शेवटी हात जोडले.

त्यांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. आत कपबश्यांचा आवाज थांबला होता.

“मला कळत नव्हतं असं नाही, मास्तर,” ते म्हणाले. “कराचीत त्या कारकुनाचं तोंड बघूनच कळलं होतं. पण मी म्हटलं, मास्तर शिकलेला माणूस. तो सापडू शकतो म्हणतोय तर माझंच चुकत असेल. तुमच्या शब्दाला धरून बसलो मी.” मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. “दया माझ्यावर केलीत तुम्ही. भोगली हिनं.”

त्यांनी सुनेला बाहेर बोलावलं. ती चहा घेऊन आली आणि उभी राहिली. ते तिला म्हणाले, “बेटी, आपला युसूफ गेला.” चार वर्षांत तिला कोणी हे सांगितलं नव्हतं. तिने हातातला चहा खाली ठेवला आणि त्यांच्या पायाशी बसून रडली. मी घराबाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी मुलाच्या नावाने फातिहा झाला.

कोर्टात तिने अर्ज केला. कायद्याप्रमाणे नवऱ्याकडच्या मंडळींना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सासऱ्यांनी विरोध केला असता तर प्रकरण लांबलं असतं. मीही साक्षीला हजर होतो. न्यायाधीशांनी इब्राहिमभाईंना विचारलं, “तुमच्या मुलाचा ठावठिकाणा तुम्हाला माहीत आहे का?”

“आहे, साहेब,” ते म्हणाले. जैनबच्या वकिलाने दचकून वर पाहिलं. “क्वेट्ट्याच्या मातीखाली आहे.”

वकिलाने सांभाळून घेतलं. चार वर्षांत पत्र आलं का, कोणी त्याला पाहिल्याचं सांगितलं का, निरोप आला का, असं एकेक विचारलं. प्रत्येकाला त्यांनी “नाही” असं उत्तर दिलं. पिंजऱ्यातून उतरताना त्यांचा तोल गेला तेव्हा हात द्यायला जैनबच पुढे झाली.

निकाल तिच्या बाजूने लागला. कायद्यातली सहा महिन्यांची मुदत संपल्यावर आणि पुढची इद्दत, म्हणजे दुसऱ्या निकाहाआधी थांबायचे महिने, पाळून झाल्यावर भावाने मालेगावच्या एका विणकराशी तिचा निकाह ठरवला. त्याची पहिली बायको वारली होती. शांत, कमी बोलणारा माणूस. निकाहाच्या वेळी काझींनी काही अट घालायची आहे का म्हणून विचारून पाठवलं, तेव्हा पडद्याआडून तिचा निरोप आला, “माझे अब्बा माझ्यासोबत राहतील.” भाऊ गडबडला. त्यांचे वडील तर केव्हाच वारले होते. तिने पुन्हा सांगून पाठवलं की ते नव्हेत, नाशिकचे. नवरदेवाने होकारार्थी मान हलवली. हे सगळं मला बाळंभटांनी सांगितलं. ते इब्राहिमभाईंच्या आग्रहावरून मालेगावापर्यंत गेले होते. मला आमंत्रण होतं, पण मी गेलो नाही.

इब्राहिमभाई नाशिक सोडून गेले. वाचनालयाचं बांधणीकाम दुसऱ्याकडे गेलं. माझा वर्ग पुढे आणखी काही वर्षं चालला. लढाईचे दिवस आले, मथळे भयंकर होत गेले आणि ज्यांची मुलं पलटणीत होती असे आईबाप पडवीत येऊन बसू लागले. मी प्रत्येक शब्दाचा अर्थ पुरा सांगितला. काहींनी मला निर्दय म्हटलं. एक बाप अर्ध्यातून उठून गेला तो पुन्हा आला नाही. त्याचं मला वाईट वाटलं, पण माझा विचार बदलला नाही.

पुढे एकदा परीक्षेच्या कामासाठी मला मालेगावला जावं लागलं. काम संपलं तरी गाडीला अवकाश होता. विचारत विचारत मी त्या गल्लीत पोचलो. दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट चालू होता. इब्राहिमभाई दारातल्या बाजेवर बसून एका फाटक्या पुस्तकाला पुठ्ठा चढवत होते. दृष्टी अधू झाली होती, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी त्यांच्याशेजारी बसलो. माफीचा विषय दोघांनीही काढला नाही. आतून चार-पाच वर्षांची एक मुलगी धावत आली आणि त्यांच्या गुडघ्याला बिलगून माझ्याकडे बघू लागली.

“नाना, ये कौन?” तिने विचारलं.

आईच्या वडिलांना नाना म्हणतात. ते ऐकून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“ये मास्टर हैं,” ते म्हणाले. “इनको कुछ भी पूछ. सच बताते हैं.”

मुलगी तशीच उभी राहिली. काय विचारावं ते तिला सुचेना, आणि मला मान वर करवेना.